तांब्याला एक चमचा

शिरोड्यात आमच्या विहिरीला
भरतीचं बोट लागलेलं आहे.
साबण लावावा तर फेस येत नाही,
नासल्या दुधासारखा फाटतो
आणि केसांच्या मुळाशी जाऊन बसतो,
पांढरा, चिकट, हट्टी.

त्यात मी मिठागरात कामाला.
माघापासून वैशाखापर्यंत फळीनं मीठ ओढायचं.
डोक्याला फडकं बांधा नाहीतर आणखी काही,
संध्याकाळी वेणी सोडली की
काथ्याचा सुंभ उसवल्यासारखा आवाज.
एका हंगामात फणीचे नऊ दात गेले,
मोजलेत मी.

हे सगळं फेलसीननं गडग्यापलीकडून बघितलं.
म्हणाली, "केस विंचरतंस गो
काय माशाची खवळां काढतंस?"
आणि बियरच्या जुन्या बाटलीतून
शिरका आणून दिला,
तिच्या इनासनं उतरवलेल्या माडीचा,
तोंडाला चिंधीचा बोळा, तळाला बोटभर साका.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला.
औषध म्हटलं की जास्त तेवढं गुणकारी,
म्हणून अर्धा तांब्या शिरका, अर्धा पाणी.
नखांनी ओरबाडलेली एकेक जागा
नावानिशी ओरडली.
न्हाणीतून बाहेर येऊन माडाखाली मी नाचत होते
आणि नवरा विचारत होता,
यंदा शिमगो लवकर इलो काय?

फेलसीन हसली नाही.
तिनं तांब्यात पाणी ओतलं, आणखी ओतलं,
बोट बुडवून जिभेला लावलं,
परत ओतलं.
"जां जिबेक सोसता तांच टाळूक सोसता.
कैरीसारख्या लागला तर फुकट गेला.
लागता काय नाय असा वाटूक होया."

तेव्हापासून रविवार म्हणजे
तांब्याला एक चमचा.
आधी शिकेकाई, मग पाणी,
मग मान पुढे टाकून हळूहळू हे.
डोळे मिटलेले. कानामागून ओघळ.
शंभर आकडे मोजायचे, मी साठालाच उठते.
मग पुन्हा एक तांब्या साधं पाणी,
म्हणजे आमच्या विहिरीतलं त्यातल्या त्यात साधं.

वास येतो. नाही कशाला म्हणू?
ओले असेपर्यंत माडीच्या दुकानासमोरून
चालत आल्यासारखं वाटतं.
एकदा आरवलीच्या एसटीत शेजारची बाई
पिशवी उचलून पुढच्या सीटवर गेली.
तिला सांगायला हवं होतं,
थांब बाई, वेतोबापर्यंत वाळतील,
मग काही म्हणजे काही येत नाही,
नुसते केस राहतात.

इनास आता बोटीवर आहे.
माडाच्या खाचांत शेवाळ धरलंय
आणि वर चढायला कुणी नाही.
बाजारात विचारलं तर दुकानदार म्हणाला,
चायनीजसाठी हवा का?
पांढरी बाटली, नाकात सुई.
घेतली नाही.

मध्ये कोकमाचं आगळ लावून बघितलं,
आंबट ते आंबट, म्हटलं.
पंचा गुलाबी झाला, उशी गुलाबी झाली,
कपाळावर आठवडाभर लाल कड.
मुकादम म्हणाला, बाई, पडलीस की काय?
केस होते तसेच.

मग राहिलेल्या बाटलीला पुरवत गेले.
चमच्याचा अर्धा चमचा,
अर्ध्याचं बुच,
बुचाचे थेंब.
फणी तरीही जात होती, थोडी अडखळून.
शिरका काम करत होता
की नुसती माझ्या हाताची सवय, कोण जाणे.

काल बाटली संपली.
विसळून ते पाणी तांब्यात घेतलं,
गडग्यावरून फेलसीनला दाखवलं.
तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं,
बराच वेळ तोंड हलवत राहिली.

"आसा," म्हणाली.
"ओत."